मुलाला किती बोलतं केलं यावर मार्क देणं थांबवा

प्रति,
भारतीय पुनर्वास परिषद, नवी दिल्ली
तसेच महाराष्ट्रातील ऑडिओलॉजी व स्पीच-लँग्वेज पॅथॉलॉजी महाविद्यालयांचे प्राचार्य, विभागप्रमुख आणि क्लिनिकल सुपरवायझर

विषय: न्यूरोडायव्हर्सिटीचा मान राखणारी स्पीच थेरपी विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष शिकवण्याबाबत

सप्रेम नमस्कार,

मागणी आधी सांगते, कारणं मागाहून. बीएएसएलपीच्या, म्हणजे ऑडिओलॉजी आणि स्पीच थेरपीच्या पदवीच्या विद्यार्थ्यांचं क्लिनिकल काम ज्या तक्त्यावर तपासलं जातं, तो तक्ता बदला. ऑटिस्टिक मूल किती वेळ खुर्चीत बसलं, किती वेळा डोळ्यांत पाहिलं, दहादा विचारल्यावर किती वेळा शब्द उच्चारला, यावर विद्यार्थ्याचे मार्क ठरत असतील तर न्यूरोडायव्हर्सिटीवर, म्हणजे मेंदूंचं वेगळेपण मान्य करण्याच्या विचारावर, कितीही व्याख्यानं ठेवा, थेरपीच्या खोलीत आज जे चालतं तेच उद्याही चालेल. विद्यार्थी मार्कांच्या मागे जातो. त्यात त्याची काही चूक नाही.

मी स्पीच थेरपिस्ट आहे. कल्याणच्या पुढे, कसारा लाइनवरच्या एका गावात माझं छोटं क्लिनिक आहे. माझ्याकडे ऑटिस्टिक मुलं सगळ्यात जास्त येतात, त्याखालोखाल अडखळत बोलणारी मुलं आणि मोठी माणसं. वेगवेगळ्या कॉलेजांतले इंटर्न माझ्याकडे शिकायला येतात, त्यांत मुलीच जास्त. हुशार असतात, कष्टाळू असतात, लोकलच्या गर्दीतून धक्के खात वेळेवर पोचतात. मेंदूतली भाषेची केंद्रं झोपेतून उठवून विचारलं तरी सांगतील. पण ऑटिस्टिक मुलासमोर बसल्या की पहिल्या दिवशी जवळजवळ सगळ्यांचे हात एकाच पद्धतीने चालतात.

बुडबुड्यांची बाटली उचलायची आणि स्वतःच्या डोळ्यांजवळ धरायची. "इकडे बघ, माझ्याकडे बघ." मूल बघेपर्यंत थांबायचं. मग, "काय पाहिजे? बोल, मग देते." मूल बाटलीकडे हात करतं. बुडबुडे मिळत नाहीत. मूल तिचा हात धरून बाटलीच्या झाकणावर नेऊन ठेवतं. तरी नाही. मूल स्वतः झाकण फिरवू पाहतं, तेव्हा बाटली आणखी वर जाते. शेवटी मूल रडतं किंवा उठून दाराकडे जातं आणि फाईलमध्ये 'नॉन-कंप्लायंट' असा शेरा पडतो. त्या मुलाने एव्हाना तीन वेळा स्पष्ट सांगितलेलं असतं. एका इंटर्नला मी विचारलं, तुला कळलं नव्हतं का त्याला काय हवंय ते? ती म्हणाली, "मॅडम, कळलं होतं. पण शब्द न काढून घेता दिलं तर आमचे सेशनचे मार्क कापतात."

मला कळलं होतं, हे तिचं उत्तर माझ्या डोक्यातून जात नाही. समोरच्याचं म्हणणं कळणं हे आपल्या व्यवसायाचं मूळ काम. ते तिला येत होतं, आणि आपल्या शिक्षणाने तिला ते बाजूला ठेवायला शिकवलं.

हे येतं कुठून? माझ्या मते निदानाच्या साधनांतून. आपल्याकडे ऑटिझमच्या दिव्यांगत्व प्रमाणपत्रासाठी 'इसा' वापरतात, म्हणजे इंडियन स्केल फॉर असेसमेंट ऑफ ऑटिझम. सिकंदराबादच्या राष्ट्रीय संस्थेत तयार झालेली ही ४० मुद्द्यांची यादी आहे. नजरेला नजर न देणं त्यात आहे, ऐकलेलं वाक्य जसंच्या तसं म्हणणं आहे, 'मला'च्या जागी 'तुला' म्हणणं आहे, विचित्र आवाज काढणं आहे. मूल ओळखायला आणि त्याला कायद्याने देय असलेलं मिळवून द्यायला ही यादी उपयोगी पडते, तिच्याशी माझं भांडण नाही. घोटाळा पुढे होतो. तीच यादी उचलून लेसन प्लॅनमध्ये उद्दिष्टं म्हणून उतरवली जाते: दहापैकी आठ वेळा पाच सेकंद नजर देईल, इकोलेलिया (ऐकलेलं जसंच्या तसं म्हणणं) निम्म्यावर येईल, हात हलवणं थांबेल. मूल ऑटिस्टिक दिसेनासं झालं की त्याला संवाद जमला, असा हिशोब त्यामागे आहे. हा हिशोब कुणी मुद्दाम शिकवत नाही. फाईलचा नमुनाच तसा छापलेला आहे.

एका मुलाची गोष्ट सांगते. सहा वर्षांचा, रोज लोकलने प्रवास करणाऱ्या घरातला. सेशन चालू असताना मध्येच तो म्हणायचा, "पुढील स्टेशन, कल्याण." थेट उद्घोषणेच्या सुरात, कल्याणच्या आधी तेवढाच थांबून. इंटर्नने नोंद केली: असंबद्ध बोलणं, इकोलेलिया, कमी करणे. त्याने ते वाक्य म्हटलं, की इंटर्न ऐकलं न ऐकल्यासारखं करायची, कारण लक्ष दिलं तर 'वर्तन' वाढतं असं तिला शिकवलेलं. आई दाराशी चपला काढायच्या जागी बसलेली असायची. तिला विचारल्यावर तिने सहज सांगितलं, "त्याला उठायचं असलं की तो असं म्हणतो. कल्याणला आम्ही उतरतो ना." तो असंबद्ध काहीच बोलत नव्हता. बास झालं, निघूया, हे तो त्याच्याजवळ असलेल्या सगळ्यात नेमक्या वाक्यात सांगत होता, आणि आपण ते वाक्य मिटवायचं उद्दिष्ट लिहून त्यावर सही केली होती.

हे काही नवं ज्ञान नाही. बॅरी प्रिझंट आणि ज्युडिथ ड्युकन यांनी १९८१ साली चार ऑटिस्टिक मुलांचं, ऐकलेलं लगेच तसंच म्हणणं व्हिडिओवरून बारकाईने तपासलं आणि त्यामागे मागणी, होकार, आपली पाळी घेणं, स्वतःशी बोलून काम जुळवणं असे सात वेगवेगळे उपयोग दाखवून दिले. चाळीस वर्षं उलटून गेली. परीक्षेत इकोलेलियाची व्याख्या आणि प्रकार विचारले जातात आणि मुली ते लिहितात. घरच्यांना विचारून एका मुलाच्या वाक्यांची यादी करून आण, कोणतं वाक्य कधी येतं ते शोध, असं काम मात्र माझ्याकडे आलेल्या एकाही इंटर्नला आधी कुणी दिलेलं नव्हतं.

न्यूरोडायव्हर्सिटीचा विचार १९९०च्या दशकात ऑटिस्टिक माणसांच्या आपापसातल्या चर्चेतून पुढे आला. माणसांचे मेंदू एका साच्याचे नसतात. ऑटिझम, एडीएचडी, डिस्लेक्सिया ही त्या वेगळेपणाची रूपं आहेत. त्यांना मदत लागते, कित्येकांना आयुष्यभर आणि भरपूर लागते, पण मदत म्हणजे त्या माणसाची दुसऱ्या कुणासारखी नक्कल तयार करणं नव्हे. डेमियन मिल्टन या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञाने, जो स्वतः ऑटिस्टिक आहे, २०१२ साली मांडलं की ऑटिस्टिक आणि इतर माणसांमध्ये संवाद तुटतो तो दोन्ही बाजूंनी तुटतो. आपल्यालाही त्यांचं कळत नाही. पुढे २०२० मध्ये एडिंबरातल्या संशोधकांनी ७२ जणांवर एक प्रयोग केला, आपल्या कानगोष्टींच्या खेळासारखा. आठ-आठ जणांची साखळी, पहिल्याने ऐकलेली गोष्ट दुसऱ्याला सांगायची, दुसऱ्याने तिसऱ्याला. सगळे ऑटिस्टिक असलेल्या साखळीत गोष्ट तेवढीच शाबूत पोचली जेवढी सगळे इतर असलेल्या साखळीत. मिश्र साखळीत ती जास्त गळली. याच चमूने नंतर बरीच जास्त माणसं घेऊन प्रयोग पुन्हा केला तेव्हा मिश्र साखळीही मागे पडली नाही, हेही सांगायला हवं. पण दोन्ही वेळा ऑटिस्टिक माणसं एकमेकांना सांगण्यात कुठे कमी पडली नाहीत. मग 'संवादकौशल्याचा अभाव' असं एकाच बाजूच्या नावावर लिहिणारं पाठ्यपुस्तक आपण किती वर्षं पुढे चालवणार?

आपण ज्यांना 'चांगली प्रगती' म्हणून फाईल बंद करतो, ती मुलं मोठी होतात. ब्रिटनमधल्या २०१८च्या एका अभ्यासात ऑटिस्टिक प्रौढांचं आपलं वेगळेपण सतत लपवत राहणं आणि आत्महत्येचे विचार यांचा संबंध आढळला. संबंध म्हणजे कारण सिद्ध झालं असं नाही, हे मला ठाऊक आहे. तरीसुद्धा, हात हलवू नकोस, नजर दे, शहाण्यासारखा बस, असं आठवड्यातून तीनदा शिकवणाऱ्या माणसाला ही गोष्ट पदवी घेण्याआधी माहीत असली पाहिजे.

त्याहूनही मला भीती वाटते ती 'नको'ची. ज्या मुलाचा 'नको' वर्षानुवर्षं कुणी मोजलाच नाही, मोठ्यांनी सांगितलेलं केलं की गोळी मिळते एवढंच ज्याला शिकवलं, त्या मुलाने उद्या कुणी वाईट हेतूने हात लावला तर काय करायचं? नकार सांगता येणं आणि तो ऐकला जाणं ही माझ्या दृष्टीने संवादाची पहिली पायरी आहे. रंग, आकार, फळांची नावं नंतर आली तरी चालतात. माझ्याकडच्या इंटर्नला मी पहिलं उद्दिष्ट असं लिहायला सांगते: मुलाने शब्दाने, हाताने, चित्राने किंवा नुसतं दूर सरकून नको म्हटलं, तर घरातली निदान दोन माणसं ते ओळखतील आणि थांबतील. सुरुवातीला मुली गोंधळतात. हे उद्दिष्ट मुलाचं कुठे आहे, हे तर घरच्यांचं आहे, म्हणतात. बरोबर आहे, ते घरच्यांचंच आहे.

आता पालकांबद्दल, कारण या विषयावरचा सगळा पेच तिथे येऊन थांबतो.

आई-वडील येतात ते एकच प्रश्न घेऊन: "बोलेल ना हो?" मागे आजी असते, ती म्हणते, याचा बापसुद्धा उशिराच बोलला होता. बालवाडीने सांगितलेलं असतं, बोलायला लागला की आणा. दोन गाड्या बदलून, कामाचा खाडा करून आलेली माणसं असतात. त्यांच्यापुढे न्यूरोडायव्हर्सिटीचं प्रवचन द्यायला गेलात तर ती पुढच्या महिन्यात 'तीन महिन्यांत बोलता करू' अशी पाटी लावलेल्या ठिकाणी जातील, आणि मी त्यांना दोष देणार नाही. म्हणून या प्रश्नाचं उत्तर द्यायला विद्यार्थ्याला शिकवावं लागतं, अगदी तोंडी परीक्षेत बसवून शिकवावं लागतं. त्या उत्तरात खोटा दिलासा नको आणि हात वर करणंही नको. आम्ही बोलण्यावर काम करणार आहोत, हे सांगता आलं पाहिजे. बोलणं येईपर्यंत त्याने गप्प आणि रागात राहावं असं आम्हाला वाटत नाही, म्हणून आज त्याच्या हातात चित्रांचा बोर्ड किंवा टॅब देतो आहोत, हेही सांगता आलं पाहिजे.

इथे पालक पहिली शंका काढतात ती रास्तच असते: बोर्डाची सवय लागली तर तो बोलायचं सोडून देईल. मिलर, लाइट आणि श्लॉसर यांनी २००६ साली तोवरचे अभ्यास चाळून त्यांतल्या काटेकोर अभ्यासांमधल्या २७ जणांची नोंद तपासली. एकाचंही बोलणं एएसीमुळे, म्हणजे बोर्ड-टॅबसारख्या पूरक आणि पर्यायी संवादमार्गांमुळे, कमी झालेलं नव्हतं, ८९ टक्क्यांचं थोडंफार वाढलंच होतं. हा आकडा माझ्या इंटर्न मुलींना तोंडपाठ असावा असं मला वाटतं. दुसरी शंका आपणच पेरलेली असते. सगळे डॉक्टर सांगतात मोबाईल बंद करा, आणि तुम्ही टॅब देताय? 'व्हर्च्युअल ऑटिझम' नावाचा बागुलबुवा आपल्याकडे एवढा पसरला आहे की, मी त्याला जेवताना मोबाईल दिला म्हणून हे झालं, असं म्हणत आया माझ्यासमोर रडतात. कार्टून बघायचा मोबाईल आणि बोलायचा टॅब यांतला फरक समजावून सांगणं, आणि त्या आईच्या मनातली अपराधी भावना काढणं, हे सेशनचंच काम आहे. त्याला मार्क असायला हवेत.

कायदा तर आपल्या बाजूने कधीचा उभा आहे. २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात संवादाच्या व्याख्येतच पूरक आणि पर्यायी मार्गांचा उल्लेख आहे, आणि कलम १७ मध्ये स्वतःच्या बोलण्याला जोड म्हणून असे मार्ग वापरायला सरकार आणि स्थानिक प्राधिकरणांनी उत्तेजन द्यावं, असं लिहिलं आहे. तरीही एएसीचा विषय शिकवला जातो तो व्याख्या, प्रकार, फायदे-तोटे असा. माझ्याकडे येणाऱ्या मुलींना एएसीची व्याख्या येते. दुसऱ्याशी बोलताना स्वतः बोर्डावर बोट ठेवून दाखवणं येत नाही, कारण तसं त्यांच्यासमोर कुणी केलेलं नसतं. त्या बोर्ड मुलापुढे ठेवतात आणि विचारतात, दाखव, पाणी कुठे आहे? ही परीक्षा झाली, संवाद नव्हे. तान्ह्या बाळाशी आपण वर्षभर नुसतं बोलत राहतो, लगेच उत्तर मागत नाही. बोर्डावरचं बोलणंही तसंच महिनोन् महिने आपण करून दाखवायचं असतं. अर्ध्या तासाच्या सेशनमध्ये स्वतः बोर्ड वापरून बोलत राहणं, काहीही न मागता, हे चांगलंच अवघड कौशल्य आहे. ते सरावाने येतं, आणि सराव करून घ्यायला शेजारी बसलेला सुपरवायझर लागतो.

मराठीचा प्रश्न तर वेगळाच. मुलींनी इंटरनेटवरून उतरवून आणलेले बोर्ड मी पाहते. त्यांत पिझ्झा असतो, सॉक्स असतात, बर्फातला माणूस असतो; भाकरी नसते, आजी नसते, 'कंटाळा आला' नसतं, 'दुखतंय' नसतं. आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागाने तयार केलेलं 'जेलो' हे मोफत अ‍ॅप मराठीत आहे, आणि ते आहे याचा मला फार आधार वाटतो. पण एका अ‍ॅपने सगळं भागत नाही. मराठी बोर्ड बांधायचा तर मराठीचा विचार करावा लागतो. मुलगी 'मी जाते' म्हणणार आणि मुलगा 'मी जातो'. 'घर' या एका चित्राने घरी, घरात, घरातून यांपैकी काय म्हणायचंय ते कळत नाही. माझ्या भागात घरात आगरी असते, शेजारी हिंदी, शाळेच्या पाटीवर इंग्रजी, आणि पाड्यांवरून येणाऱ्या मुलांची बोली आणखी निराळी. अशा मुलाच्या आईला, घरी फक्त इंग्रजीच बोला, असा सल्ला आजही सर्रास दिला जातो. दोन भाषा कानावर पडल्याने ऑटिस्टिक मुलांच्या भाषेचं नुकसान होतं असं अभ्यासांत आढळलेलं नाही. नुकसान होतं ते वेगळंच. जी आई आपल्या बोलीत दिवसभर त्याच्याशी गाणी-गप्पा करत होती, ती मोडक्या इंग्रजीत चार शब्द बोलून गप्प होते. मराठी माध्यमातून शिकलेल्या कितीतरी मुली या अभ्यासक्रमाला येतात. त्यांच्या प्रत्येक तुकडीने आपापल्या भागातल्या शब्दांचा एकेक बोर्ड जरी करून कॉलेजात ठेवला, तरी पाच वर्षांत महाराष्ट्राकडे केवढा साठा होईल!

अडखळत बोलणाऱ्यांबद्दल थोडंच लिहिते, कारण तिथे बदल आतूनच सुरू झाला आहे. द इंडियन स्टॅमरिंग असोसिएशनच्या लोकांनी स्वतःचे मदतगट उभे केले, मुद्दाम अडखळून बोलायचं आणि लपवणं सोडायचं अशा पद्धती एकमेकांना शिकवल्या. आमच्याकडे मात्र प्रगती मोजायची ती शंभर अक्षरांत किती वेळा अडकला त्यावरून. फोन उचलायला न घाबरणारा, मुलाखतीत अडखळत का होईना पण सगळं उत्तर देणारा तरुण आमच्या फाईलमध्ये 'सुधारणा नाही' म्हणून नोंदला जातो. या गटांच्या बैठकीला जाऊन बसणं इंटर्नशिपमध्ये सक्तीचं करा, एवढंच म्हणते.

मी जे मागते आहे त्याच्या नावाखाली काय खपतं, तेही मला दिसतं. न्यूरोडायव्हर्सिटी हा शब्द आता बाजारात चालू लागला आहे. दोन दिवसांच्या ऑनलाइन कोर्सचं प्रमाणपत्र भिंतीवर येतं आणि तीच माणसं, तीच खुर्ची, तोच 'बोल मग देते'चा खेळ चालू राहतो. दुसरीकडे, मुलाचा हात किंवा बोर्ड दुसऱ्याने धरून टाइप करून घेण्याच्या पद्धतीही याच नावाने विकल्या जातात. फॅसिलिटेटेड कम्युनिकेशन आणि रॅपिड प्रॉम्प्टिंग या दोन्हींविरुद्ध अमेरिकेतल्या आपल्या व्यवसायाच्या संघटनेने, आशाने, २०१८ साली स्पष्ट भूमिका घेतली, कारण त्यांतून आलेले शब्द त्या मुलाचेच आहेत याचा पुरावा नाही. मुलाच्या तोंडी दुसऱ्याचे शब्द घालणं हा मुलाचा मान नव्हे. गेस्टाल्ट भाषेच्या (मूल आख्खी वाक्यं उचलून भाषा शिकतं या कल्पनेच्या) नावाने ठरावीक पायऱ्यांची जी पद्धत सध्या जोरात आहे, तिच्याबद्दलही विद्यार्थ्यांना खरं सांगा: इकोलेलियाला अर्थ असतो हे पक्कं आहे, पण त्या पायऱ्यांनी थेरपी केल्यावर फायदा होतो याचा भक्कम पुरावा अजून उभा राहिलेला नाही. ज्याला मुलाबद्दल आस्था आहे त्याला पुरावाही कडक मागता आला पाहिजे. हे दोन्ही एकाच वर्गात, एकाच शिक्षकाकडून शिकायला मिळावं असं मला वाटतं.

तो शिक्षक कोण, हा पुढचा मुद्दा. ऑटिस्टिक प्रौढ माणसं महाराष्ट्रात आहेत. कुणी नोकरी करतात, कुणी चित्रं काढतात, कुणी टाइप करून बोलतात. वर्षातून एकदा, एप्रिलमधल्या ऑटिझम दिनाला, त्यांना सत्काराला बोलवायचं, गुलाबाचं फूल द्यायचं आणि टाळ्या वाजवायच्या, हा प्रकार बंद करून त्यांना व्याख्याता म्हणून बोलवा, इतर पाहुण्या व्याख्यात्यांना देता तेच मानधन द्या, आणि विद्यार्थ्यांनी लिहिलेल्या उद्दिष्टांवर त्यांचं मत घ्या. हे उद्दिष्ट कुणाच्या सोयीचं आहे, हा प्रश्न त्यांच्याइतका चटकन कुणी पकडत नाही. न बोलणाऱ्या मुलांचे अनुभवी पालकही असेच शिक्षक होऊ शकतात. दाराशी बसलेल्या त्या आईला फाईलमधलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य माहीत होतं.

आणि विद्यार्थ्यांच्याही आधी सुपरवायझरना शिकवा. ही गोष्ट मी सगळ्यात आग्रहाने सांगते. परिषदेकडे नोंदणी नूतनीकरणासाठी सीआरईचे (नोकरीत असताना चालू ठेवायच्या शिक्षणाचे) गुण लागतात, म्हणजे शिकत राहण्याची सक्ती आधीच आहे. पण व्हिडिओ बंद करून ऐकलेल्या वेबिनारला आणि अनुभवी सहकाऱ्यासमोर आपलं सेशन दाखवून केलेल्या चर्चेला एकाच मापाने तोलू नका. आपलं स्वतःचं रेकॉर्ड केलेलं सेशन तिघा-चौघांत बसून बघणं, मुलाने कुठे कुठे काही सांगितलं आणि आपण कुठे ऐकलं नाही ते शोधणं, याइतकं शिकवणारं मला दुसरं काही माहीत नाही. त्याला गुण द्या, जास्त द्या. रेकॉर्डिंगला पालकांची लेखी संमती घ्या आणि मुलाला कॅमेरा नको असेल तर तो बंद करा, हेही त्याच वेळी शिकवून होईल.

या सगळ्याला फार पैसा लागत नाही. चार वर्षांच्या अभ्यासक्रमात एक पूर्ण वर्ष इंटर्नशिपचं आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्याच पालघरमधून सुरू झाला, त्यातून उभ्या राहिलेल्या डीईआयसीमध्ये, म्हणजे लहान मुलांना लवकर मदत देणाऱ्या जिल्हा केंद्रांमध्ये, स्पीच थेरपिस्टची जागा आहे, आणि आज तुमच्याकडे तिसऱ्या वर्षात असलेली मुलगी उद्या तिथे जिल्ह्याभरातल्या मुलांसाठी एकटी बसणार आहे. तिच्याशेजारी तेव्हा सुपरवायझर नसेल. तिच्या हातात तुम्ही दिलेली सवय असेल.

१९९२च्या कायद्याने अभ्यासक्रमाचा किमान दर्जा ठरवण्याचा अधिकार परिषदेकडे दिला आहे, त्यामुळे मोठा बदल तिथूनच व्हावा लागेल आणि त्याला वेळ लागेल हे मी समजू शकते. पण कॉलेजांना सेशन तपासायचा तक्ता बदलायला दिल्लीच्या परिपत्रकाची वाट पाहावी लागत नाही. मी आणि माझ्या दोन सहकारी गेली काही वर्षं जो तक्ता वापरतो, तो एका पानाचा आहे. मुलाने बोलण्याशिवाय जे सांगितलं ते विद्यार्थ्याने ओळखलं का. उत्तरासाठी पुरेसं थांबला का. मुलाने नको म्हटल्यावर थांबला का. स्वतः बोर्ड वापरला का. घरच्यांकडून काय शिकून घेतलं. उद्दिष्ट कुणाच्या उपयोगाचं आहे आणि ते कुणाला विचारून ठरवलं. मुलाने किती शब्द म्हटले याचा रकाना त्यात आहे, सगळ्यात खाली, आणि त्याला मार्क नाहीत.

ज्या विभागप्रमुखांना हा तक्ता हवा असेल त्यांनी आपल्या इंटर्नकरवी मला कळवावं, मी लगेच पाठवते. त्यात चुका असतील त्या दाखवा, तुमच्या भागाला लागेल तसा बदला. पुढच्या जूनमध्ये एखाद्या तुकडीवर तो वापरून बघायला कुणी तयार असेल, तर शनिवारी माझं क्लिनिक त्यांच्या सुपरवायझरसाठी उघडं आहे. मुलांच्या आयांशी बोलून मी तशी परवानगी घेऊन ठेवली आहे. सकाळी नऊनंतर कधीही या.

आपली,
एक स्पीच थेरपिस्ट
ठाणे जिल्हा